एकशे अडतीस हाका

या सगळ्या व्यवहारात कुमुदिनी शेडगेला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. एक पावसाळा. बढती नव्हे, सत्कार नव्हे, शाल-श्रीफळ तर नव्हेच. जून ते ऑक्टोबर असा एक अख्खा पावसाळा, घोरणा धरणापासून लांब, जिथे मन मानेल तिथे. ज्याला हा फायदा किरकोळ वाटत असेल त्याने बत्तीस पावसाळे एका टेकडीवरच्या कंट्रोल रूमशेजारी काढून पाहावेत आणि मग बोलावं.

बाई चोविसाव्या वर्षी धरणावर कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली, त्याच वर्षी तिने दारं उघडण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी स्वतःच्या पायात बेडी घालून घेतली. प्रोग्रॅम काय करायचा, तर पाण्याची पातळी रेषेवर आली की नदीखालच्या सात गावांना एकेक करून सावध करायचा. गावातला भोंगा वाजायचा, पोलीस पाटलाच्या घरातल्या पेटीवर लाल दिवा लागायचा, पाटलाने बटण दाबलं की त्या गावची पोच मिळायची. सातही पोचा आल्या की मगच दारं उघडायची. एखाद्या गावाची पोच पंधरा मिनिटांत आली नाही, तर कुमुदिनीचा फोन वाजायचा. मग ती ओळखीच्या माणसाला पळवायची, किंवा स्वतः स्कूटर काढायची. दर पावसाळ्यात चार-सहा वेळा तरी फोन वाजायचाच. कुंभारखाणच्या पाटलाला नुसता चष्मा सापडायला दहा मिनिटं लागत.

म्हणून बाई पावसात कुठे जात नसे. नवरा गेला तो जुलैमध्ये, त्याच्या दहाव्याच्या दिवशीही ती दोनदा उठून कंट्रोल रूममध्ये जाऊन आली. सुरुची ही तिची एकुलती मुलगी इंदूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण ऑगस्टमध्ये आलं आणि आईने नातू पाहिला तो फोनवर. तेव्हा सुरुची म्हणाली होती, "आई, तुझी थोरली मुलगी ते धरण. मी धाकटी. कळलंय मला." हसत म्हणाली होती, पण असल्या वाक्यातलं हसू लवकर उडून जातं, वाक्य राहतं.

आता दुसऱ्या खेपेलाही ऑगस्टचीच तारीख होती. "या वेळी आली नाहीस तर पुढच्या वेळी बोलावणार नाही," सुरुचीने सांगून टाकलं, "कारण पुढची वेळ नाहीये."

नेमका त्याच वर्षी, म्हणजे २०३९ च्या फेब्रुवारीत, निहार सबनीस धरणावर आला.

निहार पस्तिशीचा, गोड बोलणारा, बुटांना चिखल लागलेला न आवडणारा. त्याच्या कंपनीकडे 'निर्मळ' नावाची यंत्रणा होती. जुने प्रोग्रॅम वाचायचे, समजून घ्यायचे आणि नव्या भाषेत लिहून काढायचे, हे तिचं काम. राज्यातली धरणं, पंपघरं, रुग्णालयं अशा ठिकाणी तीस-तीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम चालत होते, आणि ते लिहिणारी माणसं एकतर निवृत्त झाली होती किंवा वारली होती. घोरण्यासकट सत्तेचाळीस धरणं एकट्या निहारच्या यादीत होती. निर्मळला एखादा प्रोग्रॅम दिला की ती आठवड्यात त्याचा नवा अवतार उभा करी. मग जुन्या नोंदी घेऊन दोघांना शेजारी शेजारी पळवी. या दिवशी एवढं पाणी आलं होतं, जुन्याने काय केलं, नवा काय करतो? उत्तरं शंभर टक्के जुळली की नवा पास.

"माणूस वाचायला बसला तर चूक करतो, मॅडम," निहार म्हणाला. "ही कंटाळत नाही."

"मीही कंटाळले नाही," कुमुदिनी म्हणाली. "बत्तीस वर्षं."

"पण थकलात ना?"

बाईने समोरचा कागद उगाच सरळ केला. निहार हुशार होता, त्याने तो खड्डा बरोबर हेरून ठेवला.

आता थोडं त्या जुन्या प्रोग्रॅमविषयी, कारण पुढची सगळी भानगड तिथून निघते. तो पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये कामं वाटून दिलेली असतात: एक तुकडा पाणी मोजतो, दुसरा गावांना सावध करतो, तिसरा दारं उघडतो. एका तुकड्याने दुसऱ्याला कामाला लावायचं म्हणजे त्याच्या नावाने हाक मारायची. हाक मारताना सोबत लागणारं सामान द्यायचं असतं, ते नावापुढच्या कंसात. नवी रीत ही अशी, दुकानातल्यासारखी. यादी द्या, माल घ्या.

पर्लमध्ये मात्र एक जुनी रीत होती. नावाच्या आधी अँपरसँडचं, म्हणजे & असं, वेटोळं चिन्ह लावायचं आणि पुढे कंस मुळी घालायचाच नाही. असं केलं की हाक मारणाऱ्याच्या खांद्यावर जी पिशवी असेल तीच्या तीच समोरच्याच्या हाती जायची. नक्कल नव्हे, तीच पिशवी. समोरच्याने त्यातून एक वस्तू काढली तर हाक मारणाऱ्याच्या पिशवीतूनही ती गेली. एकत्र कुटुंबात जाऊ डब्यातून साखर घेते तेव्हा काय चिठ्ठी देते? तसं. कुमुदिनीला ही रीत तिच्या पहिल्या साहेबांनी शिकवली होती आणि तिला ती फार आवडे. कमी लिहावं लागे, आणि घरच्यासारखं वाटे. दारं उघडणाऱ्या तुकड्याच्या पिशवीत सात गावांची नावं असत. तो 'सावध'ला अशीच हाक मारी, बिनकंसाची. 'सावध' पिशवीतून एकेक गाव काढी, भोंगा वाजवी, पोच घेई. पिशवी रिकामी झाली की सांगे: पोच बाकी नाही. मग दारं.

पुढे पर्लच्याच जाणत्यांनी ही रीत मोडीत काढली. कोणी कोणाला काय दिलं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. आणि बिनकंसाच्या हाकेला कोणी नीटनेटकेपणाने रिकामा कंस जोडला, की अर्थ पार उलटतो. रिकामा कंस म्हणजे रिकामी पिशवी.

एप्रिलमध्ये निर्मळने काम संपवलं आणि तीनशे अकरा शंका काढल्या. बहुतेक साध्या. कुमुदिनी रोज पंधरा-वीस वाचून उत्तरं देई, शाळेतल्या वह्या तपासाव्यात तशी. शंका क्रमांक दोनशे चार अशी होती: "जुन्या पद्धतीच्या, कंस नसलेल्या एकशे अडतीस हाका आढळल्या. रिकामा कंस घालून त्या नियमित करू का? बहुतांश ठिकाणी फरक पडत नाही असे दिसते."

बाईने चष्मा वर केला. "सबनीस, हे असं घाऊक नाही चालणार. काही ठिकाणी पिशवी जाते मागून."

"किती ठिकाणी?"

"आता कसं सांगू? दोन असतील, पाच असतील. लिहिलं तेव्हा सुरुची झालीही नव्हती."

"मग एकेक बघा ना. मी कुठे घाई करतोय?" असं म्हणून निहारने घाई केली. "फक्त एकतीस मेच्या आत तुमची सही हवी. नाहीतर घोरणा पुढच्या वर्षीच्या यादीत. या पावसात जुनाच प्रोग्रॅम, म्हणजे..."

"म्हणजे मी इथेच."

"इंदूरचं तिकीट काढलंत?"

"काढलंय."

कुमुदिनीने चाळीस हाका पाहिल्या. प्रामाणिकपणे, एकेक उघडून. चाळिसांतही कुणाला पिशवीची गरज नव्हती. तारीख सांग, पान पूस, ओळ सोड, असली बिनसामानाची कामं. एक्केचाळिसावी उघडताना सुरुचीचा फोन आला, की डॉक्टर म्हणतात बाळ आडवं आहे, फिरेल बहुतेक. फोन ठेवल्यावर बाईने स्क्रीनकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव उरल्या होत्या. आणि नोंदी जुळवून पाहणारच होती ना यंत्रणा? चूक असेल तर तिथे सापडेल. तिने 'सर्व मान्य' दाबलं.

'सावध'ची हाक सत्त्याण्णवावी होती.

नोंदी जुळल्या. बत्तीस वर्षांत दारं एकसष्ट वेळा उघडली होती, आणि एकसष्टच्या एकसष्ट वेळा नव्याने जुन्याचंच उत्तर दिलं. कारण जुन्या प्रोग्रॅमने वहीत शेवटची ओळ तेवढी लिहून ठेवली होती: पोच बाकी नाही, दारं उघडली. नवाही तेच म्हणत होता. ज्याच्या हातात एकाही गावाचं नाव नाही, त्याची एकाही गावाची पोच बाकी असणार कशी? भोंगे वाजले की नाही हे वहीत कधी लिहिलेलंच नव्हतं. लिहायची गरज काय, सगळ्या खोऱ्याला ऐकू येत असत.

राहता राहिली रंगीत तालीम. ती मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता. खोटा पूर दाखवून यंत्रणा चालवायची, सातही गावांत भोंगे वाजणार, लोक उंचावर येणार. मुख्य अभियंता खानविलकर साहेब स्वतः हजर. आता साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? आदल्याच संध्याकाळी ग्रामसेवकांनी घरोघर निरोप दिले. सकाळी साडेदहालाच सातही गावं टेकड्यांवर जाऊन बसली, पोहे खाऊन, चहा घेऊन, म्हाताऱ्यांना खुर्च्या देऊन. इतका शिस्तीत आलेला पूर जगात कोणी पाहिला नसेल.

अकरा वाजून एक मिनिटाने कंट्रोल रूममध्ये हिरवा दिवा लागला. सात गावे सावध. पोच बाकी नाही. दारांनी हाताएवढी फट दाखवली आणि मिटली. खानविलकर साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

गावांमध्ये काय चाललं होतं? भोंगा एकाही गावात वाजला नव्हता. सातही पाटील पेटीसमोर बोट रोखून बसले होते आणि दिवा कोणाचाच लागला नाही. प्रत्येकाला वाटलं आपलीच पेटी बिघडली, गेल्या पावसात उंदरांनी वायर खाल्ली असणार. बाकी सहा गावांचं नीट झालं आणि आपल्यामुळे साहेबांचा कार्यक्रम नासला, हे बोलायला कोण जाणार? दुपारी ग्रामसेवकाने विचारलं, "सगळं व्यवस्थित ना?" सातही जण म्हणाले, "एकदम व्यवस्थित."

बोलला तो एकटा गंगाराम तारू. गंगाराम निरगुडवाडीच्या धक्क्यावर नाव चालवी आणि पाणी मोजणाऱ्या खांबाचा गाळ पुसायचं कंत्राटही त्याच्याकडे होतं. त्याचं आणि कुमुदिनीचं वीस वर्षांचं भांडणवजा सख्य. संध्याकाळी तो गाळाच्या बिलावर सही घ्यायला आला आणि दारातूनच म्हणाला,

"बाई, तुमचा भोंगा मेला काय हो?"

"का?"

"वाजला न्हाई. मी धक्क्यावर हुतो. कान उघडं ठिवून."

"वारा उलटा असेल."

"मे म्हैन्यात? पान हालंना झालंय." तो हसला. "का इंदूरचा गाडा सुटला आन् भोंगा तुमच्या पिशवीत ग्येला?"

कुमुदिनीने कागद बघितला. पोच बाकी नाही, असं छापलेलं होतं. त्याच ओळीच्या टोकाला आणखी एक आकडा होता, नव्या प्रोग्रॅमने घातलेला, लागलेल्या वेळाचा. तिची नजर त्यावरून गेली, थांबली नाही. सात पाटलांनी व्यवस्थित म्हटलं होतं, मुख्य अभियंत्याने टाळी वाजवली होती, आणि समोर एक नावाडी म्हणत होता वाजला नाही. कोणाचं धरायचं?

"सर्व्हिसिंगवाल्याला सांगते तुमच्या वाडीचा भोंगा बघायला," ती म्हणाली. आणि सांगितलंही, त्याने भोंगा तपासला, भोंगा ठणठणीत होता.

एकतीस तारखेला तिने सही केली. जून कोरडा गेला, जुलै नुसता भुरभुरला. दारं उघडायची वेळच आली नाही. कंट्रोल रूममधल्या पाच माणसांपैकी चौघांची बदली झाली, एक पहारेकरी उरला. जुलैच्या अखेरीस बाई गाडीत बसली. खिडकीतून धरणाची भिंत दिसेनाशी झाली तेव्हा तिला वाटलं होतं रडू येईल. आली ती झोप, थेट खांडव्यापर्यंत.

नऊ ऑगस्टला सुरुचीला मुलगी झाली. बाळ वेळेवर फिरलं होतं. पुढचे पाच दिवस कुमुदिनीने काय काय केलं याची यादी द्यायची तर पान पुरणार नाही: अळिवाची खीर, शेक, शेगडी, थोरल्या नातवाला गोष्टी, जावयाला चहा. फोन खिशात असे, आणि वाजत नसे. घोरण्यावर धो धो पाऊस लागल्याचं बातम्यांत दाखवत होते, तरी वाजत नव्हता. "बघ," ती सुरुचीला म्हणाली, "इतका पाऊस आणि एकाही पाटलाची बोंब नाही. यंत्र चांगलं आहे."

चौदा तारखेला दुपारी ती बाळाला तेल लावत होती. हात पुसून तिने फोन पाहिला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. संदेश आठ मिनिटांपूर्वीचा.

घोरणा धरण. सात दारे, प्रत्येकी अडीच मीटर. सात गावे सावध. पोच बाकी: ०. लागलेला वेळ: ० सेकंद.

तिने तो पुन्हा वाचला. शून्य सेकंद. कुंभारखाणच्या पाटलाने शून्य सेकंदात चष्मा शोधला? सात गावांच्या सात माणसांनी एकदम, डोळ्याचं पातं लवायच्या आत? एवढ्या वेळात होणारं काम एकच असतं, जे केलेलंच नसतं.

बाळ रडायला लागलं. सुरुची पलंगावर उठून बसली. "आई? काय झालं?"

"मी कंस घातला," कुमुदिनी म्हणाली. सुरुचीला काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला वेळ नव्हता. अडीच मीटरला पाणी निरगुडवाडीला पंचवीस मिनिटांत पोचतं, शेवटच्या सांगव्याला अडीच तासांत. पंचविसातली आठ गेली होती.

तिने निहारला फोन लावला. "दारं बंद करा."

"मॅडम, पातळी रेषेच्या वर आहे. बंद केली तर भिंतीला धोका, आणि मिटायलाच पाऊण तास. पण पोचा तर आल्यात..."

"आलेल्या नाहीत. भोंगे हाताने वाजवा, आत्ता."

"हाताने वाजवायची सोय काढली ना आपण. मेमध्ये."

तिने फोन तोडला. निरगुडवाडीचा पाटील उचलेना. मग गंगाराम. दुसऱ्या घंटीला उचलला.

"बाई, बोला. पोरगी झाली म्हनं."

"गंगाराम, कुठे आहात?"

"धक्क्यावर. भाकरी खातोय."

"सातही दारं उघडलीत. भोंगा वाजला?"

पलीकडे घास थांबल्याचं कळलं. "न्हाई."

"पाटलाकडे पळा, वाडी वर काढा. मळीत कोण आहे?"

"बायका हाईत भांगलायला. धा-अकरा जणी. पल्याडच्या मळीत." मळी म्हणजे नदीच्या वळणात गाळाने झालेली सखल जमीन, सगळ्यात कसदार आणि सगळ्यात आधी बुडणारी. "आवाज जायचा न्हाई तिथवर, बाई. नाव घालतो. वाडीला पोराला धाडतो."

"सोळा मिनिटं आहेत."

"लई झाली," म्हणून त्याने फोन तसाच खिशात टाकला. बंद केला नाही.

सुरुचीने तोवर आपला फोन पुढे केला होता. "नंबर सांग, मी लावते." पाचव्या दिवसाची बाळंतीण, एका हातात बाळ, एका हातात फोन. बत्तीस वर्षांत सातही नंबर कुमुदिनीला तोंडपाठ झालेले. ती सांगत गेली, सुरुची लावत गेली, लागला की आईपुढे धरत गेली.

"मॅडम, आज पन तालीम का?" कुंभारखाणचा पाटील.

"नाही, खरं पाणी आहे. तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत."

"मग भोंगा का न्हाई झाला?"

"मेमध्ये झाला होता का?"

"न्हाई."

"मग तेव्हा का बोलला नाहीत? जाऊ दे. पळा."

दुसऱ्या कानाला तिचा स्वतःचा फोन. त्यात वल्ह्याचा आवाज, धाप, मग लांबून बायकांचा कलकलाट. गंगाराम शिव्या देत होता, टोपल्या टाका म्हणत होता. कोणीतरी म्हणालं, खुरपं राहिलं. सहा जणी चढल्याचं तिला मोजून कळलं, कारण तो मोठ्याने मोजत होता. मग पुन्हा वल्ही. डोहाळी, बामणघर, पिंपळवणे. एकेक गाव उचलत होतं, विचारत होतं, पळत होतं. तळेखणला फोन उचलला तो पाटलाच्या सुनेने, आणि तिने एकही प्रश्न न विचारता ताट वाजवायला घेतलं. वल्ही उलटी फिरली. गंगाराम दुसऱ्या खेपेला निघाला होता. कुमुदिनी फोनमध्ये ओरडली, "पुरे, काठावर थांबा," पण खिशातल्या फोनला कान नसतात. एक छत्तीसला त्यात एक आवाज सुरू झाला, लांबून ट्रकांची रांग यावी तसा. तो वाढत गेला, आणि मग काहीच ऐकू येईना.

"आई," सुरुची म्हणाली, "सांगवे लागलाय. बोल."

ती बोलली.

चौकशी समिती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसली, धरणाच्या विश्रामगृहात. मसुदा आधीच तयार होता. यंत्रणेने नियमाप्रमाणे काम केले, सर्व शंकांना सक्षम कर्मचाऱ्याची संमती होती, तालीम यशस्वी झाली होती, निरगुडवाडीच्या ग्रामस्थांनी इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले. शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. तेवढं टिकलं तर निर्मळ निर्दोष, उरलेली सेहेचाळीस धरणं तशीच चालू, कुमुदिनीही निर्दोष. खानविलकर साहेब तिला व्हरांड्यात म्हणाले, "शेडगे बाई, तुम्ही काही बोलायची गरज नाही. नुसतं ऐका. दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

आत गंगारामला बोलावलं होतं. डावा हात गळ्यात बांधलेला. नाव उलटली तेव्हा तो बाभळीला अडकला होता.

"भोंगा वाजला नाही असं तुमचं म्हणणं?"

"न्हाई वाजला. मेमधी बी न्हाई वाजला."

"मेमध्ये? मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की."

"कोणाला?"

गंगारामने खोलीत पाहिलं. खानविलकर, निहार, तीन अधिकारी, आणि भिंतीशी खुर्चीत शेडगे बाई. सगळ्यांवरून त्याची नजर सारखीच गेली. मग तो पायाकडे बघत म्हणाला, "आता ध्यानात न्हाई."

वीस वर्षांच्या सख्याचा हिशेब त्याने असा मिटवला. बाईला फक्त गप्प बसायचं होतं. इंदूरची खोली, बाळाचा वास, पुढचे सगळे पावसाळे, सगळं त्या एका 'ध्यानात न्हाई'च्या पलीकडे तिची वाट बघत होतं.

"मला सांगितलं," कुमुदिनी म्हणाली.

खानविलकरांनी पेन खाली ठेवलं.

"त्याच संध्याकाळी. आणि त्या दिवशीच्या कागदावरही वेळ शून्य छापला होता. मी पाहिला नाही. एकशे अडतीस हाका होत्या, मी चाळीस पाहिल्या आणि बाकीच्यांना हो म्हटलं. माझं तिकीट होतं. माझ्या साहेबांनी ही रीत मला शिकवली तशी तेव्हाच्या सगळ्यांनाच कोणी ना कोणी शिकवली असणार. म्हणजे बाकीच्या सेहेचाळीस धरणांवरही ती आहे. तिथे पावसाळा संपेपर्यंत थांबू नका. आज बघा."

समितीने नोंद घेतली. तपासणी ऑक्टोबरात करण्याचं ठरलं, कारण भर पावसात चालू यंत्रणेला हात लावणं धोक्याचं, असं निहारचं म्हणणं पडलं. बाईने तेव्हापासून एकेका धरणावरच्या जुन्या माणसाला शोधून फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच: भोंगा शेवटचा स्वतःच्या कानांनी कधी ऐकलात? ऑक्टोबर उजाडेपर्यंत अकरा जणांनी सांगितलं, यंदा नाही ऐकला. आठ जणांचा पत्ता लागला नाही.

तर कोणाला काय पडलं ते बघून घेऊ. निहार सबनीस दुसऱ्या राज्यातल्या कामावर गेला, मोठ्या कामावर. निर्मळमध्ये एक नियम वाढला. खानविलकर साहेब ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या हारासह निवृत्त झाले. सातही पाटलांना नव्या पेट्या मिळाल्या. कुमुदिनी शेडगेला लेखी ताकीद मिळाली आणि जुन्या प्रोग्रॅमची जबाबदारी परत मिळाली. तिच्या पदरात पडलेला पावसाळा सतरा दिवसांचा. गंगारामचा हात वाकडा जुळला, नाव गेली ती गेलीच.

मळीत अकरा जणी होत्या. दुसऱ्या खेपेच्या पाच जणी आल्या नाहीत: सोनाबाई काटवटे, तिची जाऊ हिराबाई, फुलाबाई गुरव, पार्वती सुतार, आणि वैशाली. वैशाली निरगुडवाडीची लेक, सासर सांगव्याच्याही खाली. चार दिवसांसाठी माहेरी आली होती. आईचे गुडघे धरले होते, म्हणून त्या दिवशी तिच्या जागी भांगलायला गेली.